सांजेला खरवड, पहाटे पाणी: साइटवर मशीन धुणाऱ्या नव्या पोरांसाठी

साइटवर नवीन हेल्पर आला की पहिल्या दिवशी त्याच्या हाती पाइप देतात आणि म्हणतात, "जा, पोकलेन धुवून काढ." धुणं म्हणजे बिनडोक काम, असा सगळ्यांचा समज. माझ्याही हाती पहिल्या आठवड्यात पाइपच आला होता. मी इतकं मन लावून धुतलं की बॉनेट उघडून अल्टरनेटर, सेल्फ (इंजिन चालू करणारी मोटर), वायरिंग, सगळ्यावर धार सोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन मुकी. मिस्त्री, म्हणजे आमचे मेकॅनिक, आले, आत डोकावले आणि एवढंच म्हणाले, "काय बे, धुतली का बुडवली?" वाळवण्यात अर्धा दिवस गेला, तोवर टिप्परांची रांग लागलेली. कोणाला लागलं नाही, हे नशीब.

तुम्ही नागपुरात मिहानला असा, बुटीबोरीच्या एखाद्या शेडच्या पायाभरणीवर असा नाहीतर उमरेडकडच्या खाणीत, काम सारखंच आहे. पुढे लिहिलेलं जेसीबी, पोकलेन, लोडर, टिप्पर, मिक्सर या सगळ्यांना लागू पडतं. तुमच्या मशीनच्या पुस्तकात काही वेगळं दिलं असेल, तर पुस्तक खरं माना.

धुवायचं कशासाठी

चकाकण्यासाठी नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे बैलांची खांद शेकतात आणि पोळ्याच्या सकाळी त्यांना नदी-नाल्यावर नेऊन धुतात. जाणता शेतकरी धुता धुता बैलाच्या अंगभर हात फिरवतो. जुवाने खांदा कुठे सोलला, खुरात खडा कुठे अडकला, हे त्याला तेव्हाच कळतं. मशीनचंही तसंच. बूमच्या वेल्डिंगला गेलेली केसाएवढी चीर चिखलाखाली दिसत नाही. चेनच्या पाट्याचा सैल बोल्ट दिसत नाही. होजपाइपला सुटलेला तेलाचा घाम धुळीत मुरून जातो, आणि तेलात मुरलेली तीच धूळ टर्बोजवळ साचली की एक दिवस पेट घेते. म्हणून पाइप धरणाऱ्याने डोळे उघडे ठेवायचे. मशीनचा कोपरा न् कोपरा जवळून बघायला मिळणारा साइटवरचा तोच एक माणूस असतो.

वेळ कोणती निवडायची

पाणी कधी मारायचं, इथेच घोळ होतो. आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि डिंकासारखी चिकटते, वाळली की आकसून दगड होते. पावसाळ्यात टोंगळ्याइतक्या चिखलात दिवसभर चाललेल्या पोकलेनच्या चेनमध्ये ती गच्च बसते. चेन ज्यांवर फिरते ते रोलर आणि आयडलर, तिला फिरवणाऱ्या स्प्रॉकेटच्या दातांमधल्या खाचा, सगळीकडे. खाचा भरल्या की चेन आपोआप ताणली जाते आणि पिन, बुश, दात भराभर झिजतात. रात्रभर तशीच ठेवली तर सकाळी सब्बलने फोडावी लागते.

उलट बाजूने, दिवसभर तापलेल्या इंजिनावर संध्याकाळी गार पाणी मारणं म्हणजे सायलेन्सरच्या मॅनिफोल्डला आणि टर्बोच्या ओतीव भागांना तडे पाडणं. वाफ तोंडावर येते ती वेगळीच. उन्हाळ्यात तर इथे संध्याकाळी सहालाही पत्रा हात लावू देत नाही. मे २०१३मध्ये नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. त्या हवेत इंजिन गार व्हायला तास-दोन तास सहज लागतात.

म्हणून माझा नेम असा: काम संपलं की सांजेला फक्त खरवडायचं, पाणी नाही. पहाटे, मशीन रात्रभर थंड झालेली असताना आणि ऊन चढायच्या आत, पाणी मारायचं. मालकाला यात दोनदा मजुरी दिसते, पण चेनचा खर्च एकदा बघितला की तो बोलत नाही. शिवाय आधी कोरडं खरवडलं की पाणी निम्म्याहून कमी लागतं, आणि उन्हाळ्यात टँकरच्या पाण्याचा हिशेब सगळ्यांनाच माहीत आहे.

आधी मशीन मारा

हे शब्द कठोर वाटले तरी चालतील. जिवंत मशीनला हात लावायचा नाही. इंजिन बंद केलं म्हणजे मशीन मेली असं होत नाही. वर उचललेल्या बकेटमध्ये वजन असतं, होजमध्ये दाब असतो आणि चावी कोणाच्या तरी खिशात असते. पुढचं सगळं ऑपरेटरने करायचं, हेल्परने उभं राहून बघायचं आणि एकेक गोष्ट मोठ्याने विचारायची.

१. मशीन सपाट, कडक जागेवर लावा. मुरूम टाकून दाबलेली किंवा काँक्रीटची जागा उत्तम. खोदलेल्या खड्ड्याच्या काठाजवळ नाही, कारण काळ्या मातीचा काठ पाण्याने भिजला की न सांगता ढासळतो. विजेच्या तारांखाली तर कधीच नाही. वर गेलेली पाण्याची धार आणि टिप्परचा उभा डाला, दोन्ही तारेपर्यंत पोचतात.

२. बकेट, ब्लेड, जेसीबीचा पुढचा लोडर आणि मागचा हात, सगळं जमिनीवर टेकवा. पार्किंग ब्रेक लावा. टायरची मशीन असेल तर चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा. विटा नकोत, विटा फुटतात. मधून वळणाऱ्या लोडरला सांध्यावरचा लॉक घाला, नाहीतर मधल्या फटीत माणूस चिरडतो.

३. इंजिन बंद. मग चावी ऑनवर ठेवून सगळे लिव्हर चार-पाच वेळा चहूबाजूंनी हलवा, म्हणजे हायड्रॉलिकच्या नळ्यांत अडकलेला दाब उतरतो. सेफ्टी लिव्हर लॉकवर घ्या. चावी काढा आणि ती धुणाऱ्याच्या खिशात द्या. ऑपरेटरच्या नाही, धुणाऱ्याच्या.

४. बॅटरीचा मेन स्विच बंद करून तिथे छोटं कुलूप लावा आणि "मशीनवर माणूस आहे, चालू करू नये" अशी पाटी दरवाजाला बांधा. युरियाच्या टाकीची नवी गाडी असेल तर इंजिन बंद झाल्यावर तिचा पंप थोडा वेळ चालतो. तो थांबेपर्यंत मेन स्विचला हात लावू नका.

टिप्परचा डाला वर करून खालून धुवायचा असेल तर डाला रिकामा हवा आणि त्याचा टेकू लावलेला हवा. फक्त जॅकच्या भरवशावर आत डोकं घालणारा माणूस मला धीट वाटत नाही. पावसाळ्यात डाल्याला चिकटलेली माती काढायला पोरं डाला उभा करून आत चढतात आणि फावड्याने ठोकतात. माती एकदम सुटते, सोबत पोरालाही घेऊन येते. डाला खाली घ्या, मग चढा.

आणखी एक, पुस्तकात न सापडणारं. महिनाभर उभ्या असलेल्या मशीनचं बॉनेट उघडताना आधी काठीने दोन ठोके द्या आणि टॉर्च मारा. उबेला साप येतो, टूलबॉक्समध्ये विंचू असतो, केबिनच्या छताखाली गांधीलमाश्यांचं पोळं असतं. दचकून मागे सरकलेला माणूस चेनवरून खाली पडतो.

अंगावर काय असावं

पुढे पोलादी टोपी असलेले गमबूट, रबरी हातमोजे, रबरी एप्रन आणि बाजूनेही बंद असलेला चष्मा. दाबाच्या पाण्याने खडे उलटे उडतात, म्हणून चष्म्यावर तोंडाची काच असली तर आणखी बरं. कोरडं खरवडताना किंवा हवा मारताना मास्क. कंप्रेसरजवळ कानात प्लग.

आता दुपट्ट्याविषयी. नागपुरात उन्हाळ्यात डोक्याला दुपट्टा बांधल्याशिवाय कोणी बाहेर निघत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण इंजिन चालू करून गळती बघायला वाकलात आणि दुपट्ट्याचं मोकळं टोक फॅनच्या बेल्टजवळ गेलं तर तो दुपट्टा सोडत नाही, ओढतो. मशीनजवळ दुपट्टा नको. टोपी घाला, वाटल्यास ती भिजवून घाला. रबरी एप्रनमध्ये अंग फार तापतं, त्यामुळे पाण्याची बाटली जवळ ठेवा आणि ऊन चढलं की काम थांबवा.

सांजेची खरवड

चेनवाल्या मशीनमध्ये खरा धोका इथे आहे, म्हणून जरा थांबून वाचा.

ऑपरेटर वरचा भाग आडवा फिरवतो, बकेट जमिनीवर दाबतो आणि एका बाजूची चेन अधांतरी उचलतो. मग ती पुढे-मागे फिरवतो. सैल चिखल भसाभस गळतो. ही पद्धत चांगली आहे, पण या वेळी हेल्परने वीस-पंचवीस फूट लांब, ऑपरेटरला दिसेल अशा जागी उभं राहायचं. फिरत्या चेनमध्ये पहार घालून माती काढायचा मोह होतो, कारण माती "सुटतच आलेली" असते. दात पहार ओढतो, पहारीसोबत हात जातो. तसंच उचललेल्या मशीनखाली वाकायचंही नाही. तिला तेलाच्या दाबाने उचललेलं असतं आणि एक होज फुटला की ती खाली येते.

गळायचं ते गळलं की मशीन खाली टेकवा, वर सांगितल्याप्रमाणे मारा आणि मग लांब दांड्याच्या खुरप्याने, सब्बलने उरलेली माती काढा. स्प्रॉकेटच्या खाचा आणि रोलरच्या कडा आधी. तिथेच दगड आणि तारेचे तुकडे अडकतात. रोलरच्या बाजूला तेलाचा ओघळ दिसला तर सील गेलं समजा.

चेन ताणायच्या ग्रीसच्या निप्पलला मात्र हात लावू नका. चेनच्या चौकटीत झाकणामागे असतो तो. आत ग्रीस प्रचंड दाबाखाली असतं. तो सैल केला आणि समोर तोंड असलं तर काय होईल, ते सांगायला नको. ते काम मिस्त्रीचं.

पहाटेचं पाणी

पाण्याआधी झाकाझाक. एअर क्लीनरचं तोंड, सायलेन्सरचं तोंड, अल्टरनेटर, सेल्फ, फ्यूज बॉक्स, वायरिंगचे प्लग, कंप्युटरची पेटी, हायड्रॉलिक टाकीचा आणि डिझेल टाकीचा ब्रीदर (हवा जायचं तोंड). जाड पॉलिथिन आणि सुतळी पुरे. किती ठिकाणी बांधलं ते मोजा आणि आकडा लक्षात ठेवा. सायलेन्सरवर विसरलेली एक पिशवी सकाळ खराब करते.

प्रेशर वॉशर विजेवरचा असेल तर त्याला अर्थिंग हवं आणि बोर्डात ३० मिलीअँपिअरचा ईएलसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) हवा. जोड दिलेली वायर पाण्यातून नेऊ नका. पेट्रोल किंवा डिझेलवरचा पंप बंद शेडमध्ये चालवू नका. त्याचा धूर वास न येताही माणूस आडवा करतो.

साधारण वॉशरचा दाब १०० ते २०० बार असतो. टिप्परच्या टायरमध्ये ८ बारच्या आसपास हवा असते, यावरून अंदाज घ्या. टोकाला लावायच्या नोझलचे रंग बहुतेक ठिकाणी ठरलेले: लाल म्हणजे सरळ सुईसारखी धार, पिवळा १५ अंश, हिरवा २५, पांढरा ४०, काळा साबणासाठी. लाल नोझल मी पेटीतून काढूनच टाकलं आहे. बकेट आणि चेनला पिवळा, बाकी अंगाला हिरवा किंवा पांढरा. नोझल अंगापासून निदान फूटभर लांब. सिलिंडरच्या चकचकीत रॉडवरच्या सीलवर, पिनांच्या सीलवर, टायरच्या बाजूच्या भिंतीवर आणि इशाऱ्यांच्या स्टिकरवर जवळून धार नको. सीलमधून आत गेलेलं पाणी बाहेर येत नाही, गंज बनून येतं.

धार वरून खाली न्यायची. वर चढताना दोन पाय आणि एक हात, किंवा दोन हात आणि एक पाय, असे तीन आधार कायम. एका हातात चालू लान्स (वॉशरची लांब नळी) घेऊन चढू नका. शक्य तितकं जमिनीवरूनच धुवा. साबणाने भिजलेला पत्रा म्हणजे बर्फच. मी स्वतः एकदा चेनवरून घसरून कंबरेवर पडलो आहे. उंची जेमतेम तीन फूट, दुखणं तीन महिने.

आता सगळ्यात महत्त्वाचं. धार कधीही माणसाकडे धरू नका, गमतीतही नाही, बुटावरचा चिखल काढायलाही नाही. दाबाचं पाणी कातडी फोडून आत शिरतं. बाहेर सुई टोचल्याएवढं छिद्र दिसतं, रक्त येत नाही, पहिल्या तासात फारसं दुखतही नाही. आत मात्र पाणी, घाण, तेल पसरलेलं असतं आणि उशीर झाला तर बोट किंवा हात कापावा लागतो. हायड्रॉलिकच्या बारीक गळतीचंही तेच; पोकलेनमध्ये दाब ३०० बारच्या पुढे जातो. गळती शोधायला हात फिरवू नका, पुठ्ठा धरा. आणि असं काही झालंच, तर हळद-चुना न लावता थेट मेडिकल किंवा मेयो, ही नागपूरची दोन मोठी सरकारी रुग्णालयं, गाठा, १०८ला फोन करा. डॉक्टरला "टोचलं" असं सांगू नका. "जास्त दाबाचं पाणी आत गेलं" किंवा "तेल आत गेलं", जे असेल ते स्पष्ट सांगा.

केबिनमध्ये धार मारायची नाही. ओलं फडकं पुरे. पण पायऱ्या, पकडायचे दांडे, आरसे, काचा आणि पेडल रोज पुसा, मशीन धुवायची पाळी नसली तरी. पेडलखाली घरंगळलेली पाण्याची बाटली ब्रेक दाबू देत नाही.

रेडिएटर आणि फिल्टर

आपल्याकडे उन्हाळ्यात मशीन तापते तेव्हा निम्म्या वेळा दोष रेडिएटरच्या जाळीत असतो. गिट्टीखदान हे नाव आता शहरातल्या वस्तीचं उरलं, पण क्रशरची भुकटी जिथे उडते तिथे जाळी दोन-तीन दिवसांत भरते. कापसाच्या हंगामात रुईही येऊन बसते.

हवा ज्या दिशेने आत जाते त्याच्या उलट दिशेने पाणी मारा, म्हणजे कचरा ज्या वाटेने आला त्या वाटेने निघतो. धार कमी दाबाची, जाळीला सरळ काटकोनात. तिरकी मारली की पातळ पाती वाकतात आणि वाट कायमची बंद. हवा मारायची तर दाब ३० पीएसआयच्या आत ठेवा. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. कॉस्टिक सोड्याचं पाणी तर अजिबात नको, ते ॲल्युमिनियम खातं.

एअर फिल्टर धुवायचा नसतो. बाहेरचा काढून आतून बाहेर, त्याच कमी दाबाने हवा मारा. आतला छोटा फिल्टर साफ करू नका, खराब झाला की बदला. टायरवर फिल्टर आपटून धूळ झाडणारे सगळीकडे सापडतील. त्यांच्या इंजिनाला दोन वर्षांत काय होतं, तेही विचारा.

डिझेल मारून पुसणं

ही आपल्याकडची जुनी खोड. दसऱ्याला किंवा विश्वकर्मा पूजेला मशीन चमकवायची म्हणून पंपाने डिझेल फवारतात. डिझेलच्या वाफेला ठिणगीने पेट घेता येईल ते तापमान किमान ३५ अंश असावं, असं भारतीय मानक सांगतं. आता नागपूरच्या एप्रिलमध्ये सावलीतला पारा किती असतो ते आठवा, आणि उन्हातल्या बॉनेटचा अंदाज करा. पेट्रोलचं तर विचारूच नका, त्याची वाफ हिवाळ्यातही पेटते. शिवाय डिझेलवर धूळ दुप्पट चिकटते, रबरी होज फुगतात आणि हाताची कातडी फुटते. साध्या सौम्य साबणाचं पाणी आणि ग्रीस घालवणारा डीग्रीझर वापरा, वर कोरडं फडकं. तेलाने भिजलेल्या चिंध्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका. ढीग करून कोपऱ्यात ठेवल्या तर पेटायला निमित्त पुरतं.

मिक्सर आणि कोळसा

ट्रान्झिट मिक्सर प्रत्येक खेपेनंतर लगेच धुवा, माल ओला असतानाच. ओल्या सिमेंटचा क्षार कातडी जाळतो, म्हणून गमबुटात माल शिरला तर बूट काढून पाय धुवा, संध्याकाळची वाट बघू नका. ड्रममध्ये माल घट्ट झाला असेल तर आत उतरून फोडायचं काम नव्या माणसाने करायचं नाही. बंद जागा, धूळ, आवाज, आणि बाहेर कोणी ड्रम फिरवला तर संपलं. ते काम परवानगी घेऊन, कुलूप लावून, तोंडाशी माणूस उभा करून होतं. ॲसिडने माल सुटतो हे खरं, पण सिलिंडरच्या रॉडचा चकचकीत मुलामाही सुटतो.

कोळशात चाललेल्या मशीनवर कंप्रेसरची हवा मारू नका. हवेत उडालेली कोळशाची भुकटी ठिणगी मिळाली की भडकते. ती ओली करून किंवा व्हॅक्यूमने काढा. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांच्या राखेवर काम केलेल्या मशीनलाही आधी पाण्याचा हलका शिडकावा, मग खरवड.

धुतलेलं पाणी

नाग नदीची अवस्था आपण रोज बघतो, तिच्यात आपलं ग्रीस घालू नका. धुण्याच्या जागेला उतार देऊन दोन कप्प्यांचा खड्डा करा. पहिल्या कप्प्यात गाळ बसतो, तेल वर तरंगतं. मधल्या भिंतीच्या खालच्या भागातून पाणी दुसऱ्यात जातं. वरचं तेल काढून वापरलेल्या इंजिन ऑइलच्या बॅरलमध्ये टाका. ते घातक कचऱ्यात मोडतं, अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यायचं. सेंट्रिंगच्या प्लेटांना लावायला मागणारे येतील. देऊ नका.

धुऊन झाल्यावर

पॉलिथिन काढा आणि मोजा. वायरिंगचे प्लग कोरड्या हवेने वाळवा. मग ग्रीस. पाण्याने पिनांमधलं ग्रीस धुतलं जातं, म्हणून धुणं झालं आणि ग्रीस राहिलं तर धुतलीच नसती तर बरं, अशी गत होते. पिनांचे निप्पल पुसून, जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत मारा.

पाटी आणि कुलूप ज्याने लावलं त्यानेच काढायचं. मग सगळ्यांना बाजूला करून हॉर्न द्या, इंजिन चालू करा आणि पाच-दहा मिनिटं संथ चालू द्या. आता घाण नाही, त्यामुळे गळती असेल तिथे लगेच ओल दिसते. टायरच्या मशीनचे ब्रेक ओले असतात, रस्त्यावर काढण्याआधी आवारातच दोन-चारदा हळू दाबून बघा.

शेवटी रजिस्टर. "मशीन धुतली, ठीक" असं लिहू नका, त्याचा मिस्त्रीला काही उपयोग नाही. असं लिहा: "आर्मच्या डाव्या होजला सांध्याजवळ ओल. पुसली, दहा मिनिटांत परत आली. उजव्या चेनचे दोन बोल्ट नाहीत." खाली तारीख, मीटरचे तास आणि तुमची सही.